चाळीस पोती परत

पशुखाद्याच्या गिरणीत तिला सगळे चिमूटताई म्हणत. मका, पेंड कोणीही ओतावी. चुनखडी, मीठ आणि बाकीचे क्षार मात्र तिनेच मोजून घालायचे. सव्वीस वर्षांत तिचं माप चुकलं नव्हतं. “क्षार कमी पडले तर पाखरू खंगतं, जास्त झाले तर आतून पोखरतं,” असं ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायची.

एका मंगळवारी सकाळी लेकीचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. त्या आनंदात चिमूटताईचे पाय जमिनीवर नव्हते. संध्याकाळी तिने चुनखडीची थप्पी बघितली. पोती फारच कमी होती. तिने जमिनीवर सांडलेलं खाद्य तळहातावर चोळलं. हात पांढराफटक झाला. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या मापाचा चुना तिने अजून अंड्यावर न आलेल्या, वाढत्या तलंगांच्या खाद्यात घातला होता, हवा त्याच्या चौपट. अंडी देणारीला तो कवचासाठी लागतो. कोवळ्या तलंगेची मूत्रपिंडं मात्र त्याने निकामी होतात. आणि त्या खाद्याची चाळीस पोती दुपारीच एका कोंबडीपालकाच्या शेडवर पोचली होती.

मालक म्हणाले, “परवा गाडी जाणारच आहे, तेव्हा गुपचूप बदलू. कुणाला कळतंय?”

“मला कळलंय ना,” ती म्हणाली आणि टेम्पोत चढून बसली.

शेडवाल्याने तीन पोती आधीच पक्ष्यांच्या भांड्यांत ओतली होती. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, “चूक माझी आहे. एक दाणाही आत ठेवू नका.”

“तुमच्या भरवशावर दोन हजार पक्षी आणलेत मी,” तो तडकला. बराच वेळ बोलत राहिला. ती खाली मान घालून ऐकत होती, पण हात थांबले नव्हते. एकेक भांडं उचलून ती बादलीत रिकामं करत होती. शेवटी तोही दुसरी बादली घेऊन समोरच्या रांगेला लागला.

खाद्य वेळेत निघालं, एकही तलंग दगावली नाही. महिन्याने त्याने पुन्हा मागणी नोंदवली. “त्या बाई आहेत ना कामावर?” एवढंच विचारलं.

चिमूटताईने मात्र स्वतःला सहजासहजी माफ केलं नाही. त्या चुकीच्या दुसऱ्याच दिवशी तिने कालपरवा कामाला लागलेल्या हमालाला काट्यापाशी उभं केलं.

“मी घातलेलं प्रत्येक माप तू बघायचं.”

“ताई, तुमचं माप मी तपासू?” तो संकोचला.

“माझंच आधी,” ती म्हणाली आणि मिठाचं घमेलं काट्यावर ठेवलं.