लाल दिवा लागून राहिला का?

ज्या बाईचा मी आयुष्यात सगळ्यात जास्त मत्सर केला, तिला मी एकदाही पाहिलेलं नाही. जाऊ आहे, दोन नणंदा आहेत, समोरच्या फ्लॅटमध्ये दर दिवाळीला पडदे बदलणारी शेजारीण आहे. मत्सरासाठी एवढ्या हक्काच्या जागा असताना मी निवडली ती आमच्या केबलवाल्याच्या ऑफिसात तक्रारीचे फोन घेणारी बाई. घरात तिचं नाव तक्रारताई. म्हणजे आमचे हे तसं म्हणायचे. मी नुसतं 'ती' म्हणायचे, आणि ती म्हणजे कोण, हे कधी सांगावं लागलं नाही.

तिची सगळी ओळख तिच्या पहिल्या प्रश्नात होती. दुसरीकडे कुठेही तक्रार करायला फोन लावा, आधी ग्राहक क्रमांक मागतात, मग नाव, मग पत्ता, आणि तोवर आपण फोन कशासाठी केला ते आपणच विसरलेलो असतो. ही एवढंच विचारायची, "लाल दिवा लागून राहिला का सर?" इंटरनेटच्या डबीवर लाइन असली की हिरवा दिवा लागतो, गेली की लाल, इतका साधा मामला. पण ती अमरावतीकडची, यांच्या फोनचा आवाज मोठा म्हणून मलाही ऐकू येईल असा एकेक शब्द निवांत सोडणारी, आणि सूर असा, की घरात कुणाला ताप आहे आणि तो उतरला का, ते आपलंच कुणी माणूस विचारतंय.

त्या प्रश्नासरशी हे टीव्हीच्या कपाटाखाली वाकायचे. माळ्यावरून पाट काढून द्या म्हटलं की ज्यांचे गुडघे बोलायला लागतात, ते हे गृहस्थ चक्क फरशीवर बसून, मान वाकडी करून डबीकडे बघायचे आणि म्हणायचे, "हो ताई, लालच आहे." ताई म्हणतात म्हटल्यावर मी निर्धास्त व्हायला हवं होतं. पण त्या सुरात त्यांनी मला इतक्या वर्षांत 'पाणी दे'सुद्धा म्हटलेलं नव्हतं.

हे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. कारखान्यात ते बोलके म्हणून प्रसिद्ध होते म्हणे. ओळखपत्राबरोबर तो बोलकेपणाही त्यांनी गेटवर जमा केला असावा, कारण कोथरूडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले ते तीनच शब्द: 'हं', 'बघू' आणि 'ठेव तिथे'. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेलेली. आता घरात दोघंच, तर निवृत्तीनंतर आपण निवांत गप्पा मारू, एवढंच मी मनाशी धरून ठेवलं होतं. दागिने मागितले नव्हते. आणि एके दिवशी मी आत गवार मोडत होते तर बाहेरून खळखळून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, इंटरनेट आलं, टीव्ही लागला. टीव्ही बंद होता. हे फरशीवर बसून फोनवर हसत होते.

याला कारण ती डबी. तक्रारताईला इंटरनेटमधलं फार कळत होतं असं मला वाटत नाही. तिच्याकडे एकच औषध होतं, "बटन बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा." मग डबी जागी होते. आधी एक दिवा लागतो, मग दुसरा, मग लाल नुसता लुकलुकत राहतो आणि त्याच्या मनात आलं तर हिरवा होतो. हे जे मधलं वाट बघणं असतं, त्यात दुसरी कुणी असती तर 'बघा आणि परत फोन करा' म्हणून मोकळी झाली असती. ही फोन ठेवायची नाही. "होऊ द्या सर, मी आहे लाइनवर," म्हणायची. आता लाइनवर आहे म्हटल्यावर गप्प तरी किती बसणार? "जेवण झालं का सर? काय होतं आज?"

इथून माझ्या स्वयंपाकघरात तिचा शिरकाव झाला. एकदा तिने विचारलं, "पुण्यात भाजीत गूळ काऊन टाकतात सर?" हे म्हणाले, "ते मलाही कोडंच आहे ताई." मी दारात डाव घेऊन उभी होते. ज्या माणसाने माझ्या हातची गुळाची आमटी आयुष्यभर वाटी चाटूनपुसून खाल्ली, त्याला हे कोडं होतं, आणि ते त्याने घातलं केबलच्या ऑफिसात. चार दिवसांनी जेवताना मला म्हणाले, "अगं, पातोडीचा रस्सा येतो का तुला?"

"का?"

"सहज."

"सहज कुणाला पातोड्या आठवत नाहीत."

"बघू," म्हणाले आणि ताटावरून उठले.

तरी मी केला. शेजारणीच्या वहिनी नागपूरच्या, त्यांना विचारून, बेसनाच्या वड्या थापून, जाळ रस्सा केला. यांनी डोळ्यांतलं पाणी पुसत खाल्ला आणि म्हणाले, "जमलाय. पण ताई म्हणत होत्या, तर्री वर दिसायला पाहिजे." त्या रात्री मी भांडी जरा आवाज करूनच घासली.

मग मी तिची नक्कल करून पाहिली, हे सांगायला हरकत नाही. तिला जमतं तर मला का जमू नये? एका संध्याकाळी यांच्यासमोर चहा ठेवला, खुर्ची ओढून बसले आणि शक्य तितक्या निवांतपणे विचारलं, "मग? आज काय काय केलंत?" हे पेपर खाली घेऊन माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "का, काय झालं? कुणाचा फोन आला होता का?"

इंटरनेट मात्र जात होतं ते अगदी प्रामाणिकपणे जात होतं. सुरुवातीला मला यांचाच संशय आला होता, पण दोष वायरीचा होता. ती पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरून आंब्याच्या फांदीला टेकत आमच्याकडे यायची, मध्ये एक जोड होता आणि त्या जोडावर दुधाची पिशवी गुंडाळलेली होती. केबलचा माणूस यायचा, पिशवी बदलायचा, जायचा. सोसायटीत एकेकाने दुसरी कंपनी धरली. मीही म्हटलं, "आपणही बदलू या."

"कशाला? यांची सर्व्हिस चांगली आहे."

"दिवसाआड बंद असतं."

"बंद असतं, पण फोन लगेच उचलतात," हे म्हणाले.

मग तो दिवस आला. हे पेन्शनच्या कामाला खडकीला गेले होते आणि भर दुपारी डबीवर लाल दिवा लागला. मी पदर खोचला. काय बोलायचं ते भाजी निवडतानाच पाठ करून ठेवलेलं होतं. तिने फोन उचलल्याबरोबर मी म्हणाले, "नमस्कार. आपल्याकडे इंटरनेट चालू ठेवायचीही काही पद्धत आहे, की फक्त तक्रार घ्यायचीच?"

पलीकडे ती मनापासून हसली. "काकू का? सरांच्या घरून बोलून राहिल्या न?"

ते सर आणि मी काकू. यांच्यात आणि माझ्यात उणंपुरं तीन वर्षांचं अंतर आहे. "आपल्याला कसं कळलं?" मी विचारलं.

"भाजीत गूळ टाकणाऱ्या तुम्हीच न? सर सांगत होते." म्हणजे इतक्या गप्पांमध्ये माझ्याविषयी पलीकडे पोचलं होतं ते एवढंच. मी काहीतरी झोंबणारं बोलणार, तोवर तिने विचारलं, "लाल दिवा लागून राहिला का काकू?" आणि काय सांगू, मी फरशीवर बसले. बटण बंद केलं, दहा मोजले, चालू केलं.

"होऊ द्या. मी आहे लाइनवर. दिवसभर घरात दोघंच का तुम्ही?"

"दोघं कसली," माझ्या तोंडून निघून गेलं, "एकटीच म्हणा."

दुसरी असती तर अरेरे म्हणाली असती. ही म्हणाली, "आमच्याकडे बी तेच. आमचे हे रात्रपाळीला, मी दिवसपाळीला. आम्ही एका घरात राहतो, हे फक्त घरमालकाला माहीत." मी हसले. फणकाऱ्यात सुरू केलेला फोन, आणि मी भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसले होते. मुलीचं सांगितलं, भजनी मंडळात तबल्याची बाई सोडून गेली ते सांगितलं, आवाज हल्ली वर जात नाही ते सांगितलं. ती मधूनमधून "हो न" म्हणायची. ते 'हो न' यांच्या 'हं'पेक्षा फार मोठं नव्हतं, पण त्यात माणूस होता. आणि समोर डबीवर हिरवा दिवा लागला.

"आला का काकू हिरवा?"

मी हिरव्या दिव्याकडे बघत म्हणाले, "नाही हो. अजून लालच आहे."

पलीकडे कॉम्प्युटरची बटणं टकटकली. मग ती म्हणाली, "हो का. असू द्या. सरांचा बी लवकर नाही होत हिरवा. मी आहे लाइनवर."

फोन ठेवून कांदा चिरायला घेतला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुणाची लाइन आली, कुणाची गेली, हे तिला समोर कॉम्प्युटरवर दिसत असणारच. माझं खोटं तिला कळलं होतं. आणि यांचंही, इतके दिवस.

खरं तर तिथे माझा मत्सर संपायला हवा होता. त्याने फक्त कूस बदलली. आता मला यांचा मत्सर वाटू लागला. यांना ती रोज मिळते आणि मला हे खडकीला गेले तरच? लाल दिवा लागला की मी हातातलं टाकून धावायचे.

"मी करते फोन, तुम्ही बसा."

"तुला वायरींतलं काय कळतंय?"

"तुम्हाला काय कळतं? दहा मोजायचे असतात. मला शंभरपर्यंत येतात."

शेवटी तिनेच तोड काढली. "स्पीकरवर टाका न सर, काकू बी बोलतील." मग आम्ही दोघं कपाटासमोर फरशीवर, मध्ये फोन. अशाच एका संध्याकाळी, डबी जागी होत असताना तिने विचारलं, "घरी करमतं का आता सर?"

हे म्हणाले, "नाही हो ताई. सकाळी भोंग्याच्या वेळेला जाग येते. कपडे करतो, चपला घालून दारापर्यंत जातो, आणि मग आठवतं."

"मग काय करता?"

"काय करणार? दूध घेऊन येतो."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. इतके महिने मला वाटत होतं, हे हौसेने दूध आणतात. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

"कितीदा विचारलं. करमतं का, म्हणून."

"विचारलंस," हे गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "पण तेव्हा कुकर चालू असतो."

मला तिचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

मग केबलवाल्याने आपला धंदा एका मोठ्या कंपनीला विकला. जमिनीखालून नवी वायर आली, दुधाची पिशवी गेली, नवी चकचकीत डबी बसली. नवी लाइन चालू करायच्या दिवशी शेवटचं बोलणं झालं. "आता तुमचा लाल होणार नाही सर," ती म्हणाली. "उद्यापासून फोन मशीन उचलणार. मला बी काम मिळालं, हिंजवडीत मुलींच्या होस्टेलवर. पोरी कंपनीतून दमून येतात, त्यांचं खाणंपिणं बघायचं."

हे म्हणाले, "अरे वा. छान झालं."

मी म्हणाले, "छान झालं. जेवत जा वेळेवर." आणि आम्ही फोन ठेवला. तिचा स्वतःचा नंबर मागावा, हे दोघांच्याही मनात होतं. पण मागायचा तो काय म्हणून? काम नसताना कुणाला फोन करणं आमच्यात बसत नाही, आणि आमचं तिच्याकडे असलेलं एकमेव काम त्या दिवशी मिटलं होतं. दोघंही एकमेकांनी मागण्याची वाट बघत राहिलो.

हिंजवडीच्या त्या मुलींचा मी आता मत्सर करते. ट्रॅफिकमधून आंबून येत असतील, कानात इअरफोनची बोंडं घालून जिना चढत असतील, ही दारात उभी राहून विचारत असेल, 'जेवण झालं का वो पोरी?' आणि त्या म्हणत असतील, 'हं'. त्या 'हं'ची मला चांगली ओळख आहे.

इंटरनेट आता जात नाही. मुलीचा चेहरा बंगळूरहून इतका स्वच्छ दिसतो की तिचे पिकू लागलेले केसही मोजता येतात. परवा संध्याकाळी मी कुकर लावत होते तर बाहेर हे कपाटाखाली वाकलेले. डबीचं बटण बंद.

"काय करताय?"

"जरा स्लो वाटत होतं."

काही स्लो नव्हतं. मी आत गेले, कुकरखालचा गॅस बंद केला आणि येऊन त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. हे मनात मोजत होते, ओठ हलत होते. बटण चालू केलं. एक दिवा लागला, मग दुसरा.

"आज कारखान्यातला एक जण भेटला दूध आणायला गेलो होतो तेव्हा," हे म्हणाले.

"कोण?"

मग ते सांगू लागले. कोण, तो पूर्वी कसा होता, आता कसा वाळलाय, त्याची मुलगी कुठे असते. नवी डबी, तिला वेळ कितीसा लागणार? यांचा चष्मा टीव्हीवर राहिला होता. मध्येच थांबून, डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "झाला का गं हिरवा?"

"नाही," मी म्हणाले. "अजून लालच आहे. तुम्ही बोला."