चुलीपुढचा पाट

आमचं हॉटेल म्हणजे आधी चारच खोल्या होत्या हो. धरण झालं तेव्हा सासऱ्यांची खालची जमीन पाण्यात गेली, डोंगराकडचा उतार तेवढा वर राहिला. तिथे आम्ही दोघा नवरा-बायकोनं उन्हाळ्यापुरतं हॉटेल काढलं. पाऊस लागला की गाद्या गुंडाळायच्या आणि कुलूप. समोर पाणी, मागे डोंगर, किती सुंदर, असं सगळे म्हणायचे. मला विचाराल तर समोर चूल आणि मागे खरकटी भांडी. पाणी मी बघितलं ते भांडी घासताना.

पण माणसं जेवायला यायची, हे खरं. माझं माहेर देवळ्याकडचं. कांदा वाळवून, खोबरं काळं होईपर्यंत भाजून मसाला मी दर चैत्रात स्वतः कुटायची, हंगामभर पुरेल एवढा. मुंबईचे एक साहेब तर दरवर्षी मे महिन्यात यायचेच. रस्सा ओरपायचे आणि म्हणायचे, "वहिनी, हा हात दुसरीकडे नाही."

हे गेले आणि मुलानं हॉटेल मोठं केलं. समोर एवढं धरण, तरी पोहायला वेगळा तलाव बांधला. स्वयंपाकाला आचारी ठेवले, मला शहरात इंदिरानगरच्या फ्लॅटवर ठेवलं, आणि दारावर पाटी लावली, 'आजीच्या हातचं जेवण'. शनिवार-रविवारी गाडी येते न्यायला. मी नऊवारी नेसून चुलीपुढे पाटावर बसायचं, लोक फोटो काढतात. जन्मात कधी नऊवारी नेसले नव्हते मी. चुलीवर पातेलं असतं, त्यात नुसतं पाणी.

"मसाला तरी मला करू दे," एकदा म्हटलं मुलाला.

"आई, पाकिटातला चालतो. कोणाला कळतंय?"

"जुने पाहुणे येऊ देत. ते सांगतील तुला."

"बरं. एकानं जरी म्हटलं ना चव गेली, तर स्वयंपाकघर तुझं."

यंदाच्या मे महिन्यात ते साहेब आले. हातात काठी, बरोबर नातवंडं. मी पाटावरून उठून त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. मुलगाही आला. साहेबांनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली, डोळे मिटले. रस्सा लाल होता. माझा कधी लाल नव्हता, दुरूनही कळलं असतं.

"वहिनी," ते म्हणाले, "हात तोच. काही म्हणजे काही बदललं नाही."

 मुलगा हसला नाही, तेवढं त्याचं चांगुलपण.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की साहेब, हा माझा रस्सा नाही. पण सांगितलं असतं, तर ते इतकी वर्षं जे म्हणत आले तेही गेलं असतं. नाहीतरी तेव्हाही ते त्यांनी कशाची चव बघून म्हटलं होतं, कोण जाणे.

"अजून वाढू?" मी विचारलं. पाकिटातला रस्सा माझ्याच हातानं त्यांच्या वाटीत वाढला आणि पाटावर जाऊन बसले. फोटोवाले थांबले होते.