अडीच वाजताची चांदणी

अंबुबाईंना अक्षर वाचता येत नाही, पण गुरूचे चार मोठे चंद्र त्या एका दमात सांगतात. मंगळवेढ्यात त्या आमच्या शेजारी राहतात. मुलीने, सोनमने, फोन घेऊन दिला आणि बाई त्यात बोलून व्हिडिओ शोधायला शिकल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. दुपारी घरी आले रे आले की अंबुबाई दारात हजर. "मॅडम, शनीची कडी कशाची हायती?" मी वैतागायचे. उतारवयात हे काय खूळ, असं एकदा तोंडावर बोलूनही गेले. आज त्याची लाज वाटते.

२०१८च्या माघात त्यांचा मेंढरांचा वाडा हायवेलगतच्या रानात बसला होता. शुक्राची चांदणी उगवली की मेंढरं उठवायची आणि गाड्यांची वर्दळ वाढायच्या आत रस्ता ओलांडायचा, ही त्यांची रीत. त्यांचे मालक बिरदेव रोज आपणहून उठायचे. त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून पडून राहिले. अंबुबाईंना पूर्वेला ठळक चांदणी दिसली आणि त्यांनी नवऱ्याला हलवून उठवलं. मिट्ट काळोखात ट्रकवाल्याला ना माणूस दिसला, ना मेंढरं.

आपण अवेळी तर उठवलं नाही ना, हा एकच प्रश्न बाईंना इतकी वर्षं पोखरत होता. मला तो कळला मागच्या आठवड्यात.

"फोनात जुनं आभाळ दिसतंय म्हनं," त्या म्हणाल्या. "त्या पहाटंचं दावा की."

मी आभाळ दाखवणाऱ्या ॲपमध्ये त्या दिवसाची तारीख घातली. पूर्वेला गुरू होता. शुक्राचा पत्ताच नव्हता. नावं इंग्रजीत होती, त्यांना वाचता येणार नाहीत या भरवशावर मी म्हणाले, "शुक्रच आहे, अंबुबाई. तुमचं काही चुकलं नाही."

त्यांनी फोन बाजूला सारला.

"पोलिसांच्या कागदात रातीचं अडीच लिवल्यात, मॅडम. सोनमनं वाचून दावलंय. शुक्र सूर्याला सोडून लई लांब जात न्हाय. अडीचला कसा उगवंल? धा येळा ऐकलंय मी."

वीस वर्षं पोरांना हेच शिकवते मी.

"गुरूच व्हता त्यो," त्या म्हणाल्या. "मालकास्नी असली शुक्रावानी दिसनारी फसवी चांदणी बराबर वळखायची. पर त्यांनी वर बगितलंच न्हाय, मॅडम. माज्या शब्दावर उठले."