मोहाच्या भट्टीवर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, मंदारला — माझ्या मुलाला — तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ओळख नसलेल्या माणसासमोर तोंड उघडायला सोपं जातं म्हणून असेल.

कुठून सुरुवात करू? सहलीपासूनच करते. नाही — त्याच्याही आधीपासून करायला हवी.

आमचे हे दारू प्यायचे. डोंबिवलीच्या जुन्या चाळीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून पगार घेऊन निघाले की वाटेत कुठे अडकायचे, हेसुद्धा. मग ह्यांनी सोडली. खरंच सोडली. हात थरथरायचे, घामानं बनियन भिजून जायचं, पण सोडली. मंदारचं लग्न झालं तेव्हा तो बापाच्या पाया पडला आणि हे रडले.

पुढे आम्ही डोंबिवलीतच नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो. तिथे मी कुणाला काही बोलले नाही. तिथे आम्ही चारचौघांसारखे होतो — आणि ते मला फार आवडायचं. फार.

सोसायटीनं एक दिवसाची सहल काढली. बरोबर ठाण्याचा एक हसतमुख गाईड. सकाळी लोनाडची लेणी आणि जुन्या देवळाचे अवशेष, दुपारी शहापूरच्या पुढे एका वाडीत मोहाची दारू जुन्या पद्धतीनं कशी गाळतात ते बघायचं. भट्टीचं मला आधीपासून माहीत होतं. ह्यांना नव्हतं. मी फक्त लेण्यांचं सांगितलं होतं — नाहीतर ते आले नसते, आणि मला शेजारच्या पाटकर वहिनींसारखं जोडीनं जायचं होतं.

सकाळ चांगली गेली. देवळाच्या पडलेल्या दगडांवर आम्ही फोटोला बसलो, तेव्हा ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत, पहिल्यांदाच. मी लाजलेसुद्धा. या वयात!

मग वाडी आली. अंगणात चुलीवर मडकं, त्यातून निघालेली नळी, तिच्या टोकाशी टपटपणारे थेंब. आंबूस-गोड वास बसच्या दारापर्यंत येत होता. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तू जा. मी इथेच थांबतो."

तिथे पळसाच्या पानाच्या द्रोणातून सगळ्यांना थोडी थोडी चव देत होते. बायकासुद्धा ओठ लावून हसत होत्या. पाटकर भावोजींनी हाक मारली, "अहो, या की इकडे! वहिनींना घाबरता काय?"

सगळे हसले. ह्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ती नजर — मी काय बोलायला हवं होतं, ते तिच्यात लिहिलेलं होतं. गोळ्या चालू आहेत म्हणायचं. उपास आहे म्हणायचं. थापा मारणं मला कधी जड गेलं होतं का?

मी द्रोण उचलला. बसपाशी चालत गेले आणि ह्यांच्यापुढे धरला. हळूच म्हटलं, "घ्या हो एक घोट. सगळे बघतायत."

"नको गं," ते म्हणाले. एवढंच.

मी हात मागे घेतला नाही.

त्यानंतर महिनाभरात सगळं पहिल्यासारखं झालं. बिल्डिंगलाही कळायचं ते कळलंच. मंदार ठाण्याहून धावत आला. सूनबाईला दिवस गेले होते. स्वयंपाकघरात उभा राहून त्यानं विचारलं, "आई, कोणी दिली त्यांना?"

हे बाहेरच्या खोलीत पलंगावर बसले होते. दार उघडं होतं.

मी म्हटलं, "कोण देणार? स्वतःच घेतली. मी नको नको म्हणत होते."

मी थांबले. वाटलं, आता बाहेरून आवाज येईल. नाही आला. मंदार बाहेर गेला आणि म्हणाला, "आजपासून तुम्ही मला मेलात." तरीही ते काही बोलले नाहीत.

नात झाली, तिला त्यांनी कधी मांडीवर घेतलं नाही. मंदार त्यांच्या समोर परत आला तो थेट अग्नी द्यायला.

मला मात्र रोज भीती असायची. प्यायलेला माणूस, केव्हा काय बोलून जाईल! कंपनीला शिव्या द्यायचे, देवाला द्यायचे, मला तर द्यायचेच. पण त्या द्रोणाबद्दल कधीच बोलले नाहीत. शुद्धीत नाही, नशेत नाही, इस्पितळात शेवटच्या दिवसांतही नाही. आम्ही दोघंच होतो तेव्हासुद्धा नाही. आणि मी? मीही तो विषय कधी काढला नाही.

आता मंदार दर रविवारी येतो. नातीला घेऊन येतो, माझ्या गुडघ्यांना तेल आणतो. गेल्या रविवारी जेवताना म्हणाला, "आई, त्या माणसापायी तू किती सोसलंस."

मी हो म्हटलं.