कोथिंबिरीच्या दोन जुड्या

हिवाळ्यातल्या सकाळी अंबरपेठच्या भाजीबाजारात शिरलं की माणसांच्या आधी वासच सामोरा येतो. गोणपाटावर नुकत्याच सोडलेल्या जुड्या, त्यांच्या मुळांना बिलगलेली ओली माती, पुदिन्याचा शीतल दरवळ, मेथीचा कडसरपणा, अंबाडीचा आंबूस गंध, आणि या सगळ्यांवर तरंगणारा कोथिंबिरीचा तो ताजा, तीक्ष्ण, मन जागं करणारा परिमळ! डोळे मिटून उभं राहावं आणि कुठल्या टोपलीत काय आहे ते एकेक सांगत जावं, इतका तो बाजार माझ्या नाकाला पाठ होता.

माझ्या नवऱ्याच्या, अविनाशच्या, नोकरीच्या निमित्तानं आम्ही पुण्याहून हैदराबादला आलो आणि बरकतपुऱ्यात घर घेतलं, तेव्हा मला ना तेलुगू येत होती, ना इथली दख्खनी बोली. त्या परक्या दिवसांत शहराशी माझी पहिली ओळख झाली ती या बाजारात. वास काही भाषा विचारत नाही ना! यादम्मा नावाची एक प्रौढ बाई तिथं पालेभाज्या घेऊन बसते. पहिल्या दिवशी मी तिच्याकडची जुडी उचलून नाकाशी नेली, तेव्हा ती मोकळं हसली आणि म्हणाली, "लेव अम्मा, सूंघके लेव." तेव्हापासून मी तिची गिऱ्हाईक झाले. जुडी हुंगायची, मान डोलवायची आणि पिशवीत टाकायची, एवढाच आमचा व्यवहार. पण त्यात एका अनोळखी गावानं मला आपलं म्हटलं होतं.

अविनाशचं तसं नव्हतं. त्याची सगळी भिस्त दिलसुखनगरच्या एका छोट्याशा सेंद्रिय मालाच्या दुकानावर. शैलजा नावाची तरुण बाई ते दुकान चालवते. माल कुठल्या गावाहून आला, खत कुठलं घातलं, हे ती उत्साहानं सांगते आणि अविनाश तिचा शब्दन् शब्द ऐकतो. मला मात्र त्या दुकानात करमत नसे. सगळं कागदी पिशव्यांत बंद. हुंगायचं तरी काय? शिवाय ती वाकडी गाजरं, भोकं पडलेला पालक, सुरकुतलेली वांगी!

"अरे, ही वांगी बघ, माझ्याहून म्हातारी दिसतायत," मी म्हणायची.

"फवारलेली नाहीत म्हणून," तो गंभीरपणे म्हणायचा. "तुझ्या बाजारातली चकचकीत दिसतात, पण ती कुठल्या पाण्यावर वाढली, काय काय मारलंय त्यांच्यावर, तुला माहीत आहे का?"

"आणि तुझ्या कागदी पिशवीत काय आहे, ते तरी तुला माहीत आहे का?"

हा आमचा दर रविवारचा वाद. त्यात कुणी जिंकत नसे, आणि घरी दोन्हीकडची भाजी येत असे. मी बाजारातून आणलेल्या जुड्या तो मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवी. त्यानं आणलेल्या भाजीला मी नावं ठेवत फोडणी देई. बाहेरच्या माणसाला हा संसारातला लटका खेळ वाटला असता. पण त्याच्या तळाशी एक दुःख होतं. अविनाशची मोठी बहीण, आमच्या मीराताई, अगदी ऐन वयात दुखण्यानं गेल्या. त्या वेळी डॉक्टरांच्या खोलीत अविनाश पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "पण कशामुळे?" डॉक्टर सज्जन होते. त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, "आम्हाला नाही सांगता येत." ज्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तो माणसाला सोडतो का कधी? तो घरी येतो, ताटाशी बसतो. तेव्हापासून अविनाश पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचू लागला. ताईंना तो वाचवू शकला नव्हता; मला जपण्यासाठी त्याला जे हाताशी सापडलं, ते हे एवढंच होतं.

मग एका पावसाळ्याच्या अखेरीस मला ताप आला. चारचौघांना येतो तसाच, अंग मोडून काढणारा. तो उतरला आणि जाताना माझा वास घेऊन गेला. सकाळी कॉफीचा कप ओठाशी नेला, तर हातात नुसतं गरम पाणी असल्यासारखं वाटलं. मी साबण हुंगला, कापूर हुंगला, हिंगाची डबी उघडून तिच्यात नाक खुपसलं. काहीच नाही! शून्य! जणू एखाद्या भरल्या घरातली सारी माणसं न सांगता उठून गेली होती आणि मी एकटीच खोल्याखोल्यांतून हिंडत होते.

दृष्टी गेली तर जग हळहळतं. वास गेला म्हटलं की लोक हसून म्हणतात, "बरंच झालं की!" त्यांना कसं समजवावं? जेवण म्हणजे नुसता मऊ-कडक, गार-गरम असा स्पर्श उरला होता. अविनाश शेजारी येऊन बसला तरी तो मला अर्धाच आल्यासारखा वाटे. मी यादम्माकडे गेले, सवयीनं जुडी नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. "क्या हुआ अम्मा? अच्छी नहीं क्या?" तिनं घाबरून विचारलं. मी रिकामी पिशवी घेऊन परत आले आणि बाजारात जाणंच सोडलं.

त्याच सुमारास एका दुपारी स्वयंपाकघरात मी वाचत बसले होते. शेगडीवर आमटी उतू जाऊन आच विझली होती आणि गॅस तसाच चालू राहिला होता. अविनाश बाहेरून आला तो दारातूनच ओरडला. धावत येऊन त्यानं बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या आणि मला हाताला धरून गॅलरीत नेलं. मी बधिर होऊन विचारत होते, "काय झालं? अरे, पण झालं काय?" "घरभर गॅस भरलाय!" तो म्हणाला. माझा हात त्यानं सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी सांगितलं, की वास परत येऊ शकतो, येईलच असं नाही; पण रोज नेमानं ओळखीचे वास घ्या, लिंबू, लवंग, असे काही; घेताना तो वास मनात आठवा, नाकाला पुन्हा शिकवा. अविनाशनं हे मंत्रासारखं उचललं. पण लिंबू-लवंगांवर त्याचं समाधान होईना. "तुला सगळ्यांत ओळखीचा वास कुठला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "कोथिंबिरीचा. यादम्माच्या."

आणि माझा हा नवरा, बाजारच्या भाजीला हात लावताना कपाळाला आठ्या घालणारा, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी अंबरपेठेला गेला! जाताना तो पिशवीसुद्धा विसरला होता. परत आला तो दोन्ही हातांत जुड्या धरून, शर्टावर चिखलाचे शिंतोडे घेऊन. "मी तुझ्या नाकाचं सांगितलं, तर तिनं चार जुड्या बाजूला सारून या दिल्या," तो म्हणाला. "म्हणाली, अम्मा को बोलो, फिकर नक्को, नाक खुल जाएगी."

मग हा रोजचा परिपाठ झाला. सकाळी मी खुर्चीत डोळे मिटून बसायची आणि तो पानं चुरडून माझ्या नाकाशी धरायचा.

"काय येतंय?"

"काही नाही."

"आठव. बाजार आठव."

मी आठवायची. स्मृतीत तो वास लख्ख होता, नाकात नव्हता. काही दिवसांनी मी पाहिलं, तो दोन जुड्या ठेवतो आहे. एक यादम्माची, एक शैलजाच्या दुकानातली. "बिनफवारणीच्या पानाला वास जास्त असेल कदाचित," तो जरा संकोचून म्हणाला, "आणि यादम्माच्या पानाची तुला सवय आहे. कुठली चालेल कुणाला ठाऊक? दोन्ही असू देत." रविवारचा आमचा वाद कधी संपला, ते आम्हाला कळलंही नाही. दोन पिशव्या आता एकाच खुंटीवर लटकत होत्या.

शिशिर सरला. शिरीषाची झाडं पानं गाळून उभी राहिली, आणि माझा धीरही तसाच गळत गेला. एका सकाळी मी त्याचा हात बाजूला सारला. "पुरे कर रे अविनाश! नाही यायचं ते. मला रोज रोज परीक्षेला बसवू नकोस."

तो चिडला नाही. पानं बशीत ठेवत म्हणाला, "मीराताईच्या वेळी मला करायला काहीच नव्हतं ग. इथं निदान काहीतरी आहे. तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी बस."

मी बसले. त्या दिवशी बसले, त्यानंतरही बसत राहिले. त्या बसण्यात आशा नव्हती, खरं सांगायचं तर; त्याच्या हाताला काम असावं, एवढंच होतं. मात्र त्या दिवसांत मी त्याचे हात पाहायला शिकले. कळफलकावर चालणारी ती बोटं पानं चुरडून चुरडून हिरवी झाली होती. आपल्यावर कुणी प्रेम करतं हे आपण वर्षानुवर्षं ऐकत असतो. ते असं डोळ्यांदेखत एका कामात गुंतलेलं दिसणं हे केवढं भाग्य!

आणि मग ती सकाळ आली. रविवार होता. अविनाश मोरीत मोठ्या पातेल्यात कोथिंबीर धूत होता आणि मी ओट्याशी खुर्चीत बसून बटाटे सोलत होते. एकाएकी माझा हात थांबला. काहीतरी आलं आणि गेलं. इतकं पुसट, की ते आठवणीतलं की बाहेरचं, हे कळेना. मी श्वास रोखला, मग हळूच आत घेतला. पुन्हा आलं! थंड, तीक्ष्ण, ओलं, हिरवं.

"अविनाश," मी म्हटलं. "ती कोथिंबीर इकडे आण."

तो निथळत्या हातांनी तसाच आला. मी त्या ओल्या पानांत तोंड खुपसलं आणि रडायला लागले. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो तिथंच जमिनीवर बसला, पाण्यात, आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. शेवटी मी डोळे पुसून विचारलं, "कुठली रे ही? यादम्माची की शैलजाची?"

त्यानं वळून पातेल्याकडे पाहिलं. "अगं, दोन्ही एकदम पाण्यात टाकल्या मी," तो म्हणाला. "आता काय सांगणार?" आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.

त्यानंतर वास एकेक करून परतले. काही नीट, काही वेडेवाकडे. कॉफीला कित्येक दिवस जळक्या रबराचा वास येत होता, आणि तरी मी ती कृतज्ञतेनं प्यायले. हिंग आला, साबण आला, उन्हात वाळलेल्या चादरी आल्या. अविनाश आला, पूर्ण.

मग एका रविवारी मी कोथिंबिरीच्या वड्या केल्या, दोन डब्यांत भरल्या, आणि आम्ही स्कूटरवरून निघालो. यादम्मानं मला पाहिलं मात्र, ती गोणपाटावरून उठून उभी राहिली. मी तिच्याकडची एक जुडी उचलून नाकाशी नेली आणि मान डोलवली. तिनं दोन्ही हात जोडून वर आभाळाकडे पाहिलं. मग वडी तोंडात टाकत ठसक्यात विचारलं, "मेरेच कोतमीर से आई ना वास?"

"हौ यादम्मा," मी म्हटलं. "तुम्हारेच."

तिथून मुसी नदीच्या पुलावरून आम्ही दिलसुखनगरला गेलो. शैलजानं डबा उघडला, गल्ला सोडून बाहेर आली आणि मला मिठीच मारली. "मैं बोली थी ना सर को? हमारे कोतमीर में खुशबू रहती!"

"हौ, रहती," मी म्हटलं. "उसी से आई."

दुकानाबाहेर पडल्यावर अविनाशनं हळूच विचारलं, "दोघींनाही हो म्हणालीस?"

"मग? दोघींपैकी कुणाला नाही म्हणू?"

सेंद्रिय घ्यावं की साधं, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. डाळी, गूळ आम्ही शैलजाकडून घेतो, पालेभाजी बहुधा यादम्माकडून. ती मी आता आपणहून मिठाच्या पाण्यात ठेवते, आणि अविनाश ती धुण्याआधी एकदा हुंगून बघतो. त्याची भीती खोटी नव्हती, माझा विश्वासही खोटा नव्हता.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर पुन्हा मुसीचा पूल आला. ऊन तापलं होतं, पाणी काळं आणि संथ होतं, आणि साऱ्या शहराची घाण पोटात घेतलेल्या त्या नदीची दुर्गंधी पुलावर दाटून राहिली होती. पुढचे मागचे सगळे नाकाला रुमाल लावत होते. अविनाशनंही एक हात नाकाशी नेला. "याच पाण्यावर किती लोक भाज्या..." असं काहीतरी तो म्हणू लागला, आणि आरशात माझा चेहरा दिसताच मध्येच थांबला.

मी नाकाशी नेलेला पदर खाली सोडून, डोळे मिटून, छाती भरभरून श्वास घेत होते.

त्यानं नाकावरचा हात काढला आणि स्कूटरचा वेग थोडा कमी केला.