कर्नलच्या आईचं बंद पत्र

मी अमेरिकेला नवऱ्याकडे निघाले तेव्हा हिंगणीच्या फाट्यावर बाबा मला एस.टी.त बसवायला आले होते. माझी बॅग त्यांनी स्वतः वर चढवली आणि म्हणाले, "आता मांगं पाहू नको." मी पाहिलंच. ते उभे नव्हते. रस्त्याकडेच्या दगडावर बसून छाती चोळत होते. थकले असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

अमेरिकेतल्या ज्या लहान गावात मी राहते, तिथल्या म्युझियममध्ये जुनी कागदपत्रं स्कॅन करून कॉम्प्युटरवर उतरवायचं काम मला मिळालं. गेल्या वर्षी माझ्याकडे एका कर्नलच्या पत्रांची पेटी आली, त्याच्या आईने जपलेली. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस. दूरच्या खेड्यात आईला एकटं सोडून तो इथे वकिली करायला आला, निवडणूक जिंकून राज्याच्या विधानसभेत गेला आणि यादवी युद्ध सुरू झाल्यावर पलटण उभी करून लढायला निघाला. दर रविवारी तो आईला पत्र लिहायचा. सुरुवातीला चार-चार पानं, त्यात घोडा, चिखल, सोबतच्यांच्या नकला. मग दोन पानं. मग अर्धं. अक्षर ओळीखाली घसरू लागलं, पण शेवटचं वाक्य तेच: माझी तब्येत उत्तम आहे.

पुढचा कागद पलटणीतल्या डॉक्टरचा होता. कर्नल दोन महिने तापाने अंथरुणावर होता आणि त्यातच गेला.

पेटीच्या तळाशी आईचं एक पत्र होतं, तो गेल्यावर पोचल्यामुळे न फोडता तिच्याकडे परत आलेलं. म्युझियमच्या साहेबांच्या परवानगीने मी ते उघडलं. अक्षर शेजारणीचं होतं; शेवटी तिने म्हातारीच्या नकळत स्वतःच्या दोन ओळी घातल्या होत्या. म्हातारीची नजर कधीचीच गेली होती. मुलाला ते कळू न देता ती दुसऱ्याकडून लिहून घेत होती, आणि याही पत्रात ती ठणठणीत असल्याचंच लिहिलं होतं.

बाबांचे फोनही आखूड होत चालले होते. आधी ते वावरातली तूर, बोर धरणाचं पाणी, कुठे वाघ दिसला, सगळं सांगायचे. आता "मी ठीक आहो" म्हणून ठेवून द्यायचे. व्हिडिओ लावा म्हटलं की नेट नाही म्हणायचे.

मी चुलतभावाला, विलासदादाला फोन लावला. तो म्हणाला, "काका तीन हप्त्यांपासून सेवाग्रामच्या दवाखान्यात आहे. हृदय साथ नाई देऊन राह्यलं. तुले सांगू नको म्हणे."

चौथ्या दिवशी मी वॉर्डात पोचले. बाबांचे पाय सुजले होते, ओठ निळसर झाले होते. मला पाहून ते रागावलेच. "काऊन आली? मी ठीक आहो. जावई कुठी आहे?"

जावई आठ महिन्यांपूर्वीच घर सोडून गेला होता. दर फोनवर मी तो ड्युटीवर आहे म्हणून सांगत आले होते. तेव्हाही तेच ओठांवर आलं होतं. मी त्यांच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "बाबा, तो गेला. मी एकटी राहते. मी ठीक नाई."

त्यांनी माझा हात ओढून छातीवर ठेवला. आत धडधड अडखळत होती. म्हणाले, "मलेही लय भेव वाटते, बाई."

त्यानंतर ते एकोणीस दिवस जगले. आम्ही एकमेकांपासून काही लपवलं नाही.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, आता विलासदादाचा फोन आला की मी आधी वाईट काय ते विचारते. तो सांगतो: वहिनीची गाठ तपासायला दिली आहे, बाबांच्या वावराशेजारी वाघाने बैल नेला. ऐकवत नाही. तरी मी फोन ठेवत नाही. माझं गावातलं घर आता त्या फोनापुरतंच उरलं आहे.