पाहिलं की ऐकलं

एर्सांदच्या हातांना चुन्याचा वास कायमचाच होता. वासरांची कातडी चुन्यात भिजवायची, चौकटीवर ताणायची, वाकड्या सुरीने खरवडून लिहिण्याजोगी करायची. हे काम ती सासऱ्याकडून शिकली. सासरा वारला. नवरा तिएबो गढीच्या मालकांचा, सरदार गोशे यांचा मोतद्दार, त्यांचा घोडा सांभाळणारा. क्रूसाच्या लढाईला त्यांच्याबरोबर समुद्रापार गेला. मालक परत आले, तो आला नाही.

तेव्हापासून ती धड विधवाही नव्हती आणि कुणाची बायकोही नव्हती. लांबेर कुंभार तिच्याशी लग्नाला तयार होता. वाट बघून त्याची दाढी पिकायला आली होती. गावचा पाद्री मात्र हटत नव्हता. "तिएबोला मरताना कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर त्याने शपथेवर सांगावं. लगेच लग्न लावतो."

सांगण्यासारखे एकटे मालक उरले होते आणि ते आपली बखर सांगण्यात गुंतले होते.

"मला मधूनच ओढू नकोस, बाई," ते म्हणाले. "ओळीने सांगतोय. नदी ओलांडायचा उतार आला की तिएबोही येईल."

म्हणून तो सगळा हिवाळा ती गढीवर कातडी पोचवत राहिली आणि दाराशी बसून ऐकत राहिली. मालक शेकोटीपाशी बसून सांगत, गढीचा लेखनिक फादर एव्रार लिहून घेई. मालकांना घाई नव्हती. सायप्रस बेटावरच्या दारूचंच वर्णन संपेना.

"फादर, ही दारू किती कातडी प्यायली?" तिने विचारलं.

"दीड वासरू," एव्रार म्हणाला. "आणि अजून मालक शुद्धीवर आहेत."

मालक खो खो हसले.

ईस्टरच्या आधी बखरीत नदीचा तो उतार आला. मालकांचा काळा घोडा मोरेल पाण्यात शिरला. मानेत बाण लागला, पुढचे पाय दुमडले, त्याने मालकांकडे मान वळवून पाहिलं. सांगताना मालकांचे डोळे पाणावले. एव्रारने लेखणी थांबवून नाक पुसलं.

"तिथेच माझा मोतद्दार तिएबो मेला, असं ऐकलं," मालक म्हणाले.

एव्रारने दाराकडे बघितलं. "पाहिलं ना, मालक?"

"ऐकलं."

"लगाम त्याच्याच हातात होता ना?"

"असणार. मी घोड्याकडे बघत होतो."

एर्सांद उठून आत आली. "मालक, एकच शब्द आहे हो."

"अगं, पहिल्याच पानावर देवाला साक्षी ठेवलंय. पाहिलं ते पाहिलं म्हणेन, ऐकलं ते ऐकलं. इथे खोटं घातलं तर माझ्या मोरेलवर तरी कोण विश्वास ठेवेल?" ते रागावले नव्हते. तिला गरम दारू द्यायला सांगून ते पुढे सांगू लागले.

एव्रार तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला. "मी लिहितो 'पाहिलं'. त्यांना आता अक्षर कुठे दिसतं?"

"पाद्री त्यांना शपथ घालून विचारेल."

"विचारेल खरा," एव्रार म्हणाला आणि आत गेला.

गढीच्या फाटकाशी लांबेर गाडी घेऊन उभा होता.

"आला का तिएबो?"

"आला. मालकांनी नुसतं ऐकलंय."

लांबेरने बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "बहीण कधीची लग्न कर म्हणून मागे लागलीय. पलीकडच्या गावातली एक मुलगी आहे म्हणते."

"मग कर की."

"तू रागावशील."

"नाही," ती म्हणाली. तिने मनात शोधून बघितलं. राग सापडला नाही. "गाडी कुठवर जातेय? मला वाटेत सोड. पाय गारठलेत."

उन्हाळ्यात लांबेरचं लग्न झालं. एर्सांद जेवायला गेली. ताटात हंसाचं मांस होतं. लांबेरच्या बहिणीने जवळ बसून तिचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "कशी आहेस गं?"

"मीठ जरा जास्त झालंय," एर्सांद म्हणाली आणि पावाचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला.